व्यापारी जोतीराव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी विद्यार्थी नव्हे. मात्र त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पुढे माझ्या वर्गात येत, आणि शुद्धलेखनावरून ती ओळखू येत, एवढे ऋण मला मान्य केले पाहिजे. आज त्यांच्या शाळेत बोलावयास उभे राहताना मी विषय निवडला तो माझ्याच एका चुकीमुळे. तेव्हा प्रारंभ त्या चुकीपासूनच करतो.

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए. च्या वर्गात मी ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. घरची भाषा तेलुगू. वडील पालमूरकडचे गवंडी. कामाच्या निमित्ताने हे कुटुंब बरीच वर्षे मुंबईत कामाठीपुऱ्यात राहिले, म्हणून मुलाचे शिक्षण मराठी शाळेत झाले, आणि पुढे मंडळी हैदराबादेस परतली. हा मुलगा फारसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, जोतीराव शाळेचा पगार घेत नव्हते, समाजाकडूनही काही घेत नव्हते. मग त्यांचं घर कशावर चालत होतं?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्या वयात नव्हते. मी म्हणालो, “थोर पुरुषांचा संसार समाज चालवीत असतो.” वाक्य गोळीबंद होते. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरून घेतले. तो मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नाही, हे मला दिसले होते.

खेदाची बाब अशी की, उत्तर माझ्या घरच्या फडताळातच होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली जोतीरावांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्या ग्रंथात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन आहे. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी तेथे केली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळते, असा हिशोबही त्यांनी मांडला. हे निवेदन मी अनेकदा शिकविले होते. परंतु निवेदन करणाऱ्याने स्वतःची ओळख काय करून दिली आहे, तिकडे माझे लक्ष गेले नव्हते. समाजसुधारक, ग्रंथकार, सत्यशोधक समाजाचे संस्थापक यांपैकी एकही बिरुद तेथे नाही. राहणार पेठ जुना गंज, पुणे. आणि हुद्दा काय, तर व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर. त्यातही पहिला शब्द व्यापारी.

माणूस सरकारी आयोगापुढे आपली ओळख लिहितो तेव्हा शब्द विचारपूर्वक निवडतो. जोतीरावांसारखा मनुष्य तर निश्चितच निवडील. मग आपण त्यांच्या चरित्रातून पहिलाच शब्द गाळून टाकला तो का? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय. म्हणजे दुकान, तराजू, उधारी, गिऱ्हाईक या गोष्टी जोतीरावांनी अक्षरओळखीच्या आधी पाहिल्या. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण झाले, थॉमस पेनचे ग्रंथ वाचण्यात आले, आणि १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवीत नाही. १८४९ साली वडिलांनी त्यांना व सावित्रीबाईंना घराबाहेर काढले, हेही ठाऊक आहे. परंतु घराबाहेर पडलेल्या त्या बावीस वर्षांच्या तरुणाचे व त्याच्या पत्नीचे पोट कसे भरले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. हंटर आयोगापुढील निवेदनातच एका अर्ध्या वाक्यात उत्तर आहे: मिशनच्या मुलींच्या निवासी शाळेत ते काही वर्षे शिक्षक होते. म्हणजे पगार घेतला तो दुसऱ्याच्या शाळेत, आणि श्रम केले ते स्वतःच्या शाळांत. मुलींच्या शाळांना दक्षिणा प्राइज फंडातून दरमहा ७५ रुपये मिळत. १८५२ साली विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कारही झाला. शालजोडीवर संसार चालत नाही, हे सांगावयास नको.

व्यवसायात ते उतरले तो काळ नीट समजून घेतला पाहिजे. १८५८ साली पुण्यापर्यंत आगगाडी आली. १८६३ साली बोरघाटाचा चढ पुरा झाला आणि मुंबई-पुणे रस्ता लोखंडाने जोडला गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच तो ओसरला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. परंतु दरम्यान इमारती, रस्ते, पूल यांची कामे निघाली होती. ज्या युद्धाने अमेरिकेतील गुलामी मोडली त्याच युद्धाने आपल्याकडे कंत्राटदार नावाच्या वर्गाला उभारी दिली. ‘गुलामगिरी’ लिहिणारा मनुष्य या वर्गातला होता, हा इतिहासाचा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

जोतीरावांच्या व्यापाराचा एक प्रारंभ १८६३ च्या सुमारास दिसतो. धातू वितळवून ओतण्यास लागणाऱ्या मुशी व तत्सम साधने विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली. पुण्यात सोनार, तांबट, ओतारी यांची वस्ती मोठी. तेव्हा गिऱ्हाईक दारातच होते. पुढे सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ चालविली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण व कालवा या कामांशी चरित्रकार त्यांचे नाव जोडतात. यांशिवाय भाजीपाल्याचा घाऊक व्यवहार, पुस्तकांचे प्रकाशन व विक्री. खडकवासल्याचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले, आणि त्या पाण्यावर पुण्याच्या पूर्वेस मांजरीच्या बाजूला बागायत वाढली. तेथे जोतीरावांनी जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. हंटर आयोगापुढे लिहिलेला दुसरा शब्द, शेतकरी, तो या मांजरीच्या मळ्यामुळे. धरणाच्या कामाशी संबंध आला आणि त्याच धरणाच्या पाण्यावर मळा पिकविला, असे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

कंत्राटदाराचे काम म्हणजे काय, हे आपल्यासारख्या मास्तर मंडळींना उमगणे कठीण. दगड, चुना, वाळू, खडी ठरल्या दिवशी जागेवर पोहोचली पाहिजे. मजुरांना आठवड्याचा बाजार चुकवून चालत नाही. बिल मात्र सरकारी कचेरीतून महिन्यांनी निघते. मधल्या काळात पदरचा पैसा अडकतो. कामाचे मोजमाप ओव्हरसियर घेणार, त्याच्या लेखणीला टेकू द्यावा लागणार, आणि वरचा गोरा साहेब कारकून सांगेल तेच खरे धरणार. ही साखळी जोतीरावांनी आतून पाहिली होती. ‘गुलामगिरी’ला जोडलेल्या पद्यांत इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कर्मचाऱ्यांच्या कारभारावर एक रचना आहे. आम्ही मराठीचे प्राध्यापक तिला काव्यदृष्ट्या सामान्य ठरवून पुढे जात असू. मीही गेलो आहे. ती रचना कवितेच्या तराजूत तोलण्याऐवजी ज्याची बिले अडली होती अशा माणसाची साक्ष म्हणून वाचली, तर तिचे वजन कळते.

‘शेतकऱ्याचा असूड’ची गोष्ट तर याहून मोठी आहे. हा ग्रंथ १८८३ साली लिहून पुरा झाला. त्यातील काही भाग जोतीरावांनी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखविला होता. ग्रंथातील संताप सर्वांच्या लक्षात राहतो. त्यातील हिशोब राहत नाही. कालव्याचे पाणी वाटणाऱ्या खात्यावर त्यांनी जो आक्षेप घेतला आहे तो पाहा. पाण्याची पट्टी वसूल होते, परंतु पाणी वेळेवर व मापाने मिळत नाही. तेव्हा प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या जमिनीच्या मानाने स्वतंत्र तोटी का करून देत नाही, असे ते विचारतात. पलटणीतील शिपाई व पोलीस यांना फावल्या वेळी ताली-बंधारे बांधण्याच्या कामास लावावे, म्हणजे डोंगरउतारावरची माती वाहून न जाता शेतातच मुरेल, असेही सुचवितात. ज्याने कालव्याच्या काठावर मळा केला आणि पाटकऱ्याची वाट पाहत रात्री काढल्या, त्यालाच तोटीची कल्पना सुचते. पुण्यात बसून ग्रंथ वाचणाऱ्याला ती सुचली नसती. त्या काळी शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिणारे इतरही होते. त्यांचे लेखन अधिक सफाईदार होते, हे मी मान्य करीन. पण पाणी मोजून विकत घेतलेल्या माणसाचा आवाज मला त्या पिढीत दुसरा कोणाचा ऐकू येत नाही.

आता मिळालेला पैसा गेला कोठे, ते पाहू.

ज्या १८६३ साली व्यापाराची सुरुवात दिसते, त्याच साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल हवे तर ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी पुण्यात भिंतींवर लावविल्या. डिसेंबर १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनीच लिहिले आहे की, तोवर तेथे पस्तीस स्त्रिया येऊन गेल्या. या गृहाला कोणत्याही फंडाचा आधार नव्हता. पस्तीस बाळंतपणे म्हणजे सुईण, औषध, तूप, डिंक, कपडे, आणि मागे राहिलेल्या मुलांचे दूध. १८६३ पासून मोजले तर एकवीस वर्षे हा खर्च एका घरातून झाला. त्या मुलांपैकीच यशवंत हा त्यांनी दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला.

१८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्याला पैसा लागला नाही. लागली ती वेगळी वस्तू. १८७६-७७ च्या दुष्काळात मात्र पैसाही लागला. सावित्रीबाई जुन्नरच्या बाजूला कामावर होत्या. १८७७ च्या एप्रिलमध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला, आणि जोतीरावांनी १७ मे १८७७ रोजी सहकाऱ्यांना मदतीसाठी आवाहन केले. मजूर, धान्य, जळण आणि भांडी यांची जमवाजमव रोजच करणाऱ्या माणसांना असा आश्रम उभारणे तुलनेने सोपे गेले असावे, असे माझे मत आहे. दयेने माणूस हळहळतो. हजारोंच्या पानात भाकरी पडावयाची तर गाडीवाला, वाणी आणि मुकादम हाताशी असावे लागतात.

या आर्थिक स्वातंत्र्याचा आणखी एक परिणाम सांगितला पाहिजे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीसाठी एक हजार रुपये सजावटीवर खर्चण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, हे त्यांचे म्हणणे. नियुक्ती सरकारची, कंत्राटे सरकारची, आणि विरोध व्हाइसरॉयच्या स्वागताला! जोतीरावांना इंग्रजधार्जिणे म्हणणारे पुष्कळ झाले. इंग्रजी राज्याविषयी त्यांच्या काही अपेक्षा भाबड्या होत्या, हे मीही लपविणार नाही. तरीही उरलेल्या एकतीस जणांत इंग्रजांवर वर्तमानपत्री टीका करणाऱ्यांचे मित्र बसले होते, हेही लक्षात ठेवावे.

१८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल ही अर्पणपत्रिका आहे. पुण्यातील एका कंत्राटदाराची नजर तेथवर गेली होती. हे पुस्तक निघाले तेव्हा अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील डेल्टा नावाच्या गावी कापसाच्या मळ्यावर एक सहा वर्षांची देखील न झालेली मुलगी वाढत होती. तिचे नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७. आईबाप गुलाम म्हणून जगलेले. त्यांच्या मुलांत स्वतंत्र जन्मलेली ही पहिली. सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगी. सेंट लुई शहरात तिने वर्षानुवर्षे लोकांचे कपडे धुतले. दिवसाला दीड डॉलरही पदरात पडत नसे. केस गळू लागले म्हणून उपाय शोधता शोधता ती केसांच्या औषधांच्या धंद्यात आली. आधी तिने ॲनी मलोन या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेचा माल विकला; नंतर १९०६ च्या सुमारास डेन्व्हर येथे स्वतःचा काढला. मॅडम सी. जे. वॉकर हे नाव तिने घेतले. १९१० साली इंडियानापोलिसला कारखाना निघाला. हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्या प्रतिनिधी म्हणून दारोदार माल विकू लागल्या आणि मोलकरणीच्या कामातून सुटल्या.

१९१२ साली कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या परिषदेत बुकर टी. वॉशिंग्टन तिला बोलू देईनात. ही बाई जागेवरूनच उठली. मी कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे आणि तेथून चुलीकडे आले आहे, आणि तेथून पुढची बढती माझी मीच घेतली, अशा आशयाचे तिने सभेला सुनावले. दुसऱ्या वर्षी तिला सन्मानाने भाषणास बोलाविले. इंडियानापोलिसच्या वाय. एम. सी. ए. च्या इमारतीसाठी तिने एक हजार डॉलर दिले, आणि मृत्यूपूर्वी थोडे दिवस, १९१९ साली, जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्धच्या चळवळीस पाच हजार डॉलर. तिची एक रीत मला विशेष वाटते. १९१७ साली फिलाडेल्फियात तिने आपल्या प्रतिनिधी स्त्रियांचे अधिवेशन भरविले. तेथे सर्वाधिक माल विकणाऱ्यांना बक्षिसे होती, तशीच समाजकार्यास सर्वाधिक मदत करणाऱ्यांनाही होती.

वॉकरबाईंनी जोतीरावांचे नाव ऐकले असण्याचा प्रश्नच नाही. मी दोघांना शेजारी बसवितो ते एका कारणासाठी. अमेरिकेतील लोक वॉकरबाईंचे स्मरण करतात ते प्रथम उद्योजिका म्हणून. तिचे दान त्या ओघाने येते. धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत ती आली, याचा तिच्या समाजाला अभिमान आहे. आम्ही मात्र जोतीरावांना महात्मा म्हटले आणि त्यांचा गल्ला पदराआड लपविला. आमच्या शिष्ट मनाला पैसा मिळविणे हे किंचित हीन वाटते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वतन, इनाम अथवा दक्षिणा चालत आली, त्यांना पैसा कोठून येतो हे विचारावेच लागले नाही, आणि चरित्रे बहुधा अशा घरांतल्यांनी लिहिली. माझेही घर त्यांपैकीच होते. माझे आजोबा निजामी अमलात एका लहानशा इनामावर जगले. ‘थोर पुरुषांचा संसार समाज चालवितो’ हे वाक्य त्या वर्गात माझ्या तोंडून निघाले, ते पुस्तकातून आलेले नव्हते. ते घरातून आलेले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान हैदराबादेत देणे मला उचित वाटले, तिच्याकडे वळतो. निजामाच्या राज्यातील तेलुगू जिल्ह्यांतून गेली दोन शतके मजूर, गवंडी, पाथरवट मुंबईस जात आले आहेत. मुंबईकर त्यांना कामाठी म्हणत; कामाठीपुरा हे नाव त्यांचेच. पुढे त्या पेठेची जी दुष्कीर्ती झाली तिच्यामुळे, मुंबईच्या भिंती ज्यांनी चढविल्या त्यांची ही वस्ती, हे लोक विसरले. या तेलुगू समाजातून एकोणिसाव्या शतकात काही मोठे कंत्राटदार निघाले. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी कालेवार, जाया कराडी लिंगू, नरसिंगराव सायबू वडनाला ही नावे सत्यशोधक समाजाच्या इतिहासात पुनःपुन्हा येतात. मुंबईत समाजाचे काम उभे राहिले ते प्रामुख्याने या मंडळींच्या बळावर. घरची भाषा तेलुगू, चळवळ मराठी. आणि भाषेची अडचण आली असे कोठे दिसत नाही. पुण्यातील कंत्राटदार आणि मुंबईतील कंत्राटदार एकमेकांना ओळखणारच. माझ्या समजुतीप्रमाणे सत्यशोधक समाजाची मुंबईची वाट ग्रंथांइतकीच चुन्याच्या घाण्यांवरून व दगडाच्या खाणींवरून गेली आहे.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला आणि रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर अकराच दिवसांनी, २२ मे १८८८ रोजी, भाग्यरेड्डी वर्मा यांचा जन्म झाला. पुढे याच हैदराबादेत त्यांनी दलितांच्या मुलांसाठी शाळांमागून शाळा काढल्या. हा केवळ पंचांगातला योगायोग आहे; परंतु हैदराबादकर म्हणून तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

सत्कारानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले, हे आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगतो. व्यवसायाचे काय झाले, ते सांगत नाही. कंत्राटी धंदा हा धन्याच्या पायांवर चालतो. धनी अंथरुणाला खिळला की तो थांबतो. आदल्या वर्षी, १८८७ साली, त्यांनी मृत्युपत्र केले होते. त्यात वारस यशवंत. पण तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील एखादा हुशार मुलगा निवडून त्याच्याकडे मिळकत जावी, अशी तजवीज होती. मृत्युपत्र व्यवहारी माणसाचे आहे. मात्र वाटावयास फारसे उरले नाही. १८९० साली मामा परमानंदांनी सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबास मदत करण्याची विनंती केली. त्या पत्रामागची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येते. ज्या घरातून पस्तीस बाळंतपणांचा खर्च निघाला, त्या घरासाठी कोणाला तरी शब्द टाकावा लागत होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. बडोद्याहून पुढे मदत आली, ती त्यांच्या पश्चात. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना १० मार्च रोजी निवर्तल्या.

म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. १८८८ पर्यंत जोतीरावांचे घर त्यांच्या स्वतःच्या धंद्यावर चालले, आणि त्यावर इतरांचीही घरे चालली. त्यानंतरची दोन वर्षे ते घर कसेबसे चालले. समाजाने ते चालविले, असे म्हणण्यास मला आधार सापडत नाही.

तो मुलगा पुढे कोठे गेला, मला माहीत नाही. एम. ए. पुरे न करता तो वडिलांच्या कामावर गेला, एवढे कानावर आले होते. त्या वर्षीच्या वर्गातील काही मंडळी आज या सभागृहात आहेत. दोघांना तर मी ओळखलेही. त्यांच्यापैकी कोणाजवळ ती वही अद्याप असेल, तर माझे ते वाक्य कृपया खोडावे. त्याच्या शेजारी ‘व्यापारी’ एवढेच लिहिले तरी पुरे.